गुवाहाटी लिहिलेला टॅग

तो टॅग आमच्या रांझीतल्या घरी आला तेव्हाच त्याच्यावर गुवाहाटी लिहिलेलं होतं. आमचं गुवाहाटीला कुणी नाही, कधी नव्हतं. जावई कंपनीच्या कामानं तिकडे जाऊन आला होता आणि त्या प्रवासाची खूण टॅगवर तशीच राहिली होती. दिवाळीला लेक-जावई आले तेव्हा मी त्या टॅगचं कौतुक केलं, ही माझी पहिली चूक. वस्तूचं कौतुक केलं की जावई ती काढून हातात देतो, असा त्याचा स्वभाव आहे. म्हणूनच त्याच्या गाडीबद्दल मी कधी काही बोलत नाही.

पत्त्याच्या पानापेक्षा जरासा मोठा, जाडसर, एका बाजूला करड्या कागदासारखी काच. काचेवर वर मोठी तीन इंग्रजी अक्षरं, खाली गुवाहाटी, त्याखाली बारकोडच्या रेघा. जावयानं नीट समजावून सांगितलं. विमानतळावर बॅगेला जी कागदाची पट्टी चिकटवतात, तिची जागा हा घेणार. दर प्रवासाला नवी पट्टी नको, मोबाईल जवळ धरला की नवं गाव उमटतं.

"आणि पप्पा, गंमत म्हणजे याला वीज फक्त अक्षरं बदलताना लागते. एकदा बदलली की ती तशीच बसून राहतात. महिने गेले तरी."

आत म्हणे काळे आणि पांढरे असे अगदी बारीक कण असतात. विजेचा धक्का बसला की काही वर येतात, काही खाली जातात. मग जो जिथं बसला तो तिथंच, पुढचा धक्का बसेपर्यंत.

"म्हणजे आमच्या सेक्शनसारखंच," मी म्हटलं. जावई हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

मी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत पॅकिंगमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत. लाकडी पेट्या, त्यांच्यावर स्टेन्सिल धरून मारलेली अक्षरं, आणि शेवटी तार पिळून सील. दुसरं मला काही येत नाही, पण हे येतं. नवा माणूस सेक्शनमध्ये आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगतो. पेटी परत वापरायची असेल तर जुनं मार्किंग आधी रंगानं पूर्ण झाकायचं, मगच नवं मारायचं. एका पेटीवर दोन पत्ते दिसायला नकोत. कारण पुढे कुठेतरी एक दमलेला माणूस उभा असतो आणि जे मोठं दिसेल ते तो वाचतो. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की पोरं माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवतात. मी ऐकलं नाही असं दाखवतो.

आता प्रवासाचं. लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, यावर कुणी चर्चा करत नाही. लेकीनं मात्र फोनवरच सांगून टाकलं की ती येणार नाही. डॉक्टर चेन्नईचे, ऑफिस चेन्नईचं, नवऱ्याला इतकी सुट्टी मिळायची नाही.

"आई, तूच ये ना. वैसे भी यहाँ सब मिलता है."

ते 'सब मिलता है' बायकोला लागलं. तिसऱ्या दिवशी आमच्याच शहरातल्या गोरखपूरच्या बाजारातून डिंक, हळीव, खारीक, खोबरं असं सगळं घेऊन आली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "ती नाही येऊन राहिली तर मी माहेर तिथं घेऊन जाते."

एका सुटकेसमध्ये माहेर बसवायचं काम महिनाभर चाललं. डिंकाचे लाडू स्टीलच्या डब्यात, डब्याला फडक्याची गाठ. भाजलेल्या बाळंतशेपा. वेखंड. स्वतःच्या जुन्या सुती साड्या फाडून हातानं शिवलेली सहा दुपटी, टोपडी, लंगोट. माझे कपडे तिनं दोनदा सुटकेसबाहेर काढले, तिसऱ्यांदा मीच ठेवले नाहीत. आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माझ्या आईचं लुगडं.

आईला जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात तिनं ते नऊवारी बायकोच्या हातात दिलं होतं. धुऊन धुऊन त्याचा रंग कोणता होता तेही सांगता येणार नाही, पण हातात घेतलं की दुधावरच्या सायीसारखं. "पोरीच्या लेकराला आधी ह्याच्यात घे," आई म्हणाली होती. आमच्यात बाळाच्या अंगाला घरचं पहिलं कापड जुनं लागतं. ज्याचं कापड, त्याचं आयुष्य बाळाला मिळतं म्हणतात. मला विचाराल तर जुनं कापड टोचत नाही, एवढंच मी खात्रीनं सांगेन. पण बायकोनं सासूला 'हो' म्हटलं होतं, आणि तिचं 'हो' काही माझ्यासारखं नसतं.

तेव्हा ती सुटकेस बाळाच्या आधी चेन्नईला पोचायला हवी होती. मी आणि माझे गुडघे मागाहून आलो असतो तरी कुणाचं काही अडलं नसतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी टॅग काढला आणि जावयाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. तो नेहमीच मीटिंगमध्ये असतो, तरी माझा फोन उचलतो.

"पप्पा, तुमच्या फ्लाईटला हा अजून चालत नाही. ते कागदाचीच पट्टी लावतील. राहू द्या घरी. लावायचाच असेल तर आधी ॲपमधून कोरा करून घ्या."

मी 'हो हो' म्हटलं. ॲपनं ई-मेल मागितला, पासवर्ड मागितला, आणि मी यंत्र नसून माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी नऊ चित्रांतल्या सायकली ओळखायला सांगितल्या. फॅक्टरी सुटायच्या वेळी आमच्या रस्त्यावर सायकलीशिवाय काही दिसत नाही. तरी मी तीनदा चुकलो. चौथ्यांदा ॲपनं मला उद्या या म्हणून सांगितलं. मी कंटाळलो. हल्ली मी फार लवकर कंटाळतो. कुठलीही वस्तू आधी माझी ओळख मागते, आणि मला स्वतःलाच ती पटकन देता येत नाही.

टॅगच्या कडेला एक बारीक बटण होतं. ते दाबून धरलं, तर हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. मी समजलो, बंद झाला. बंद झालेली वस्तू हळूहळू पुसट होत जाईल असा माझा हिशेब. सकाळी खिडकीच्या उन्हात पाहिलं तर गुवाहाटी आदल्या दिवसापेक्षा ठळक.

तरी लावला. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. चेन्नईला उतरल्यावर तो जावयाला दिसावा, एवढंच मनात होतं. त्यानं दिलेली नवी वस्तू सासरा वापरतो, अगदीच पेट्यांच्या जमान्यात अडकून पडलेला नाही, असं त्याला वाटावं. आणि लावायचा म्हटल्यावर आमच्या पद्धतीनं लावला. सोबतच्या पट्ट्यावर भरवसा न ठेवता तार घेतली, हँडलमधून दोनदा ओवली, पीळ दिला, टोक आत दाबलं. ही तार हातानं सुटत नाही. पकडीनं कापावी लागते.

बायको चहा घेऊन आली आणि वाकून बघू लागली.

"यावर गुवाहाटी काहून लिहून आहे?"

"बंद आहे तो."

"बंद आहे तर दिसून काहून राहिला?"

"कमी विजेचं तंत्र आहे ते. तुला नाही समजायचं."

"अच्छा," ती म्हणाली. तिच्या 'अच्छा'चे आठ-दहा प्रकार आहेत. हा कोणता होता, ते मी मान वर करून पाहिलं नाही.

आमच्या शहराच्या, डुमन्याच्या विमानतळावर आमची रांग लहानच होती, पण मागच्या माणसाला घाई होती. काउंटरवरच्या मुलीनं सुटकेस पट्ट्यावर घेतली, हँडलला कागदाची पट्टी चिकटवली आणि तिची नजर टॅगवर गेली.

"सर, ये पुराना टैग निकाल दीजिए."

"बंद है वो, मैडम."

"बंद है तो गुवाहाटी क्यों दिखा रहा है?"

हा प्रश्न सकाळपासून दुसऱ्यांदा येत होता. मी तारेला हात घातला. माझाच पीळ. नख तुटलं, तार हलली नाही. पकड घरी, खिळ्याला टांगलेली.

"अंकल, फ्लाईट हमारी भी यही है," मागचा म्हणाला.

मुलीनं वाद घातला नाही. ड्रॉवरमधून एक लाल स्टिकर काढला, नाजूक सामानावर लावतात तसला, आणि टॅगच्या काचेवर थापून बसवला. गुवाहाटी झाकली गेली. मी एकतीस वर्षं लोकांना जे शिकवतो, ते त्या पोरीनं कुणी न सांगता केलं. मला तेव्हा तिचं कौतुक वाटायला हवं होतं.

ती बोर्डिंग पास छापायला वळली. सुटकेस माझ्या हाताशीच होती. मला दिसू लागलं ते एवढंच, की स्टिकर काढल्यावर काचेवर चिकट डाग राहणार. चेन्नईला जावई बघणार तर काय, लाल कागद, आणि खाली त्याच्या वस्तूची वाट लावलेली. मी एक कोपरा उचलून पाहिला. सहज निघाला. मग अर्धा ठेवून काय उपयोग म्हणून बाकीचाही काढला, गोळी केली आणि खिशात टाकली. बायको पर्समध्ये चष्मा शोधत होती. पट्टा सुरू झाला आणि सुटकेस रबरी झालरीतून आत गेली. अगदी आत जाईपर्यंत गुवाहाटी वाचता येत होती.

मध्ये एकदा विमान बदलून दुपारी चेन्नईला उतरलो. लोक आपापल्या बॅगा उचलून गेले. पट्ट्यावर एक कुणाची तरी बाबागाडी तेवढी फिरत राहिली, मग तीही कुणी नेली. बायको रिकाम्या ट्रॉलीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती. मला केव्हाच कळलं होतं. पण पट्टा फिरत असेपर्यंत काही बोलावं लागत नाही, म्हणून मी पट्ट्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

हरवलेल्या सामानाच्या टेबलावर एक शांत गृहस्थ होते. त्यांनी फॉर्म दिला. आत काय काय होतं ते लिहायला दोन ओळी होत्या. बायको सांगत गेली, मी लिहीत गेलो.

"हळीव लिहा."

"हळिवाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"मला काय विचारता? फॅक्टरीत इंग्रजी तुम्ही लिहिता न."

मी 'आयुर्वेदिक' असं लिहिलं. लाडवांना 'स्वीट्स'. दुपट्यांना 'क्लोथ'. महिनाभराच्या कामाचे तीन शब्द झाले.

"आणि लुगडं."

'ओल्ड सारी, वन.' गृहस्थांनी ते वाचलं. "ओल्ड?" त्यांनी विचारलं.

"ओल्ड," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, काही लिहिलं नाही. मग विचारलं, बॅगेवर दुसरा कुठला टॅग होता का? बायको अजून पट्ट्याकडे बघत होती. मी म्हटलं, होता एक, शोभेचा. खिशातली लाल गोळी माझ्या बोटांना लागत होती. तिच्याबद्दल मी काही बोललो नाही.

जावई बाहेर गाडी घेऊन उभा होता. डिकी उघडी ठेवून.

लेकीचं घर आठव्या मजल्यावर. त्या घरात जुनं असं काहीच नव्हतं, आम्ही दोघं सोडून. लेकीनं आईला धरून एक एक वस्तू दाखवली. दुकानातल्या डिंकाच्या लाडवांचा सोनेरी डबा. बाळाला गुंडाळायची कापडं, त्यांच्यावर हत्ती आणि ढग, अजून पाकिटात. बाळाच्या तेलाच्या तीन बाटल्या.

"देख ना आई, तू नाहक टेन्शन घेते. सगळं आहे."

"छान आहे," बायको म्हणाली. तिनं एका पाकिटावरून हात फिरवला आणि परत ठेवून दिलं. स्वयंपाकाला येणाऱ्या बाई फक्त तमिळ बोलायच्या, त्यामुळे तिला ओट्याजवळ उभं राहूनही काही करता येईना. दोन दिवस ती त्या घरात पाहुणीसारखी वावरली. चहाचा कप स्वतः विसळून ठेवायची, तर त्या बाई तो पुन्हा विसळायच्या.

"पोरीच्या बाळंतपणाला मी हात हालवत आली," ती मला म्हणाली. तक्रार नव्हती. बस आज उशिरा आहे, असं सांगावं तशी म्हणाली.

मी विमानतळाला फोन करत होतो. आधी संगीत, मग एक बाई, मग पुन्हा संगीत. दुसऱ्या दिवशी जावयानं माझ्या हातातून फोन घेतला, कारण मी संगीताला 'हॅलो' म्हणत होतो. तो ऐकत राहिला, मग फोन ठेवून म्हणाला, "पप्पा, बॅग सापडली. गुवाहाटीला आहे."

सुटकेस जिथं एका विमानातून दुसऱ्यात जायची होती तिथल्या यंत्राला दोन बारकोड दिसले. यंत्रानं ती बाजूला काढली. बाजूला एक माणूस होता. कागदाची पट्टी हँडलमध्ये दुमडून बसली होती, आणि समोर मोठ्या अक्षरांत जे दिसलं ते त्यानं वाचलं. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही. पण त्याची पाठ दुखत असणार, हे मी सांगू शकतो.

"परत यायला चार-पाच दिवस लागतील म्हणतात," जावई म्हणाला. मग, "टॅग कोरा केला होता न तुम्ही?"

"बंद केला होता."

"अच्छा," तो म्हणाला आणि मोबाईलकडे बघू लागला. मुलगा संस्कारी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीला हॉस्पिटलमध्ये नेलं आणि दुपारच्या आत मुलगी झाली. दोघी ठीक. नर्सनं बाळ दाखवलं ते हॉस्पिटलच्या हिरव्या कापडात. बायकोनं हात पुढे केला, बोट बाळाच्या गालापर्यंत नेलं आणि थांबली. नर्सला हिंदी येत होती. उद्या सकाळी पुसून काढू, मग घरचं कापड द्या, धुतलेलं, इस्त्री केलेलं, असं तिनं सांगितलं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची सहा चित्रं होती. बायकोनं ती सहाही वाचली असावीत. मग म्हणाली, "उद्या काय देऊ मी?"

"ती हत्तीवाली आहेत न."

"कोरी आहेत ती. माझ्या अंगावरची ही नायलॉनची, दुसरी लेकीनं काल घेतलेली. घरात एक चिंधी जुनी नाही. कपाटं पाहिली मी सगळी." मग म्हणाली, "सासूबाईंनी एवढं एकच सांगितलं होतं मला. बाकी कधी काही मागितलं नाही त्यांनी. लाडू राहू द्या. ते एक पोचायला पाहिजे होतं."

तिनं माझ्याकडे पाहून म्हटलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. ती हात धुवायच्या चित्रांकडे बघत होती.

"स्टिकर मीच काढला," मी म्हटलं.

"कोणता स्टिकर?"

मी सांगितलं. काउंटरवरची मुलगी, लाल स्टिकर, तो कसा नीट बसला होता, मी कसा कोपरा उचलला, सगळं. खिशातून ती गोळीही काढून दाखवली. ती का दाखवली ते मला माहीत नाही. पुरावा मागितलेला नव्हता कुणी.

"काहून पण?"

"जावयाला दिसावा म्हणून."

एक माणूस औषधांची गाडी ढकलत गेला. आम्ही दोघांनी पाय आत घेतले, गाडी गेल्यावर बाहेर काढले.

"मी विचारलं होतं तुम्हाला. घरीच."

"हो."

"तीस वर्षं काय शिकवून राहिले तुम्ही लोकांना?"

"एकतीस."

"एकतीस," ती म्हणाली.

आता ती बोलेल, असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं. तिचं बोलणं मला पाठ आहे, कुठे मान हलवायची ते ठाऊक आहे. पण तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर राग शोधला, तो नव्हता. महिनाभर खोबरं किसलेल्या, रोज संध्याकाळी सुई-दोरा घेऊन बसलेल्या बाईचा चेहरा होता तो. माझ्याशी भांडायलाही तिच्यात काही उरलेलं नव्हतं. मी शेजारी बसून राहिलो. उठून कुठे जावं तर तेही बरं दिसलं नसतं.

मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, "तुमच्या हँडबॅगमध्ये काय काय आहे?"

"दोन शर्ट, पायजमा. आणि तो सदरा."

"कॉलर गेलेला?"

"तोच. घरी घालायला आणला."

"किती वर्षांचा आहे?"

"लेक शाळेत होती तेव्हाचा. तू मागे फरशी पुसायला मागत होतीस तो."

तिनं डोळे उघडले. "चला," ती म्हणाली.

आठव्या मजल्यावर तिनं तो सदरा बादलीत दोनदा धुतला, उकळत्या पाण्यातून काढला आणि गॅलरीत उन्हात टाकला. स्वयंपाकाच्या बाई बघत होत्या. त्या आत गेल्या आणि चिमटे घेऊन आल्या. चेन्नईच्या उन्हात सदरा वाळायला तासही लागला नाही.

"धरा त्या टोकानं," बायको म्हणाली.

"सगळा फाडणार? मला घरी घालायला दुसरं काही नाही."

"शर्ट-पँट घालून बसा. जावयाचं घर आहे."

मी खांदा धरला, तिनं खालची कड. पाठीचा भाग एका ओढीत वेगळा झाला, काही आवाजच झाला नाही, इतकं ते कापड विरलेलं होतं. तिनं कडा दुमडून हातशिलाई घातली, इस्त्री केली, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. शिवताना एकदा म्हणाली, "सासूबाईंच्या मुलाचं आहे. चालून जाईल." मला सांगत होती की दुसऱ्या कुणाला, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं बाळाला त्याच्यात गुंडाळून बाहेर आणलं, तेव्हा खांद्याशी माझ्या खिशाची निळी शाई दिसत होती. धुऊनही गेली नव्हती ती. पाठीवर खिशाची शाई कुठून आली म्हणाल, तर खिशात पेन ठेवूनच सदऱ्याची घडी घालायची माझी जुनी सवय, शाई आरपार जायची.

सुटकेस आली तेव्हा लेक घरी आलेली होती. दारात एक माणूस सुटकेस ठेवून, सही घेऊन गेला. हँडलला नवी कागदी पट्टी होती. तार कुणीतरी कापली होती आणि टॅग बाहेरच्या कप्प्यात नीट ठेवला होता. गुवाहाटीत कुणाकडे तरी पकड होती.

जावयानं टॅग हातात घेतला, मोबाईल त्याला टेकवला. काच एकदा काळी झाली, एकदा पांढरी, आणि कोरी राहिली. दोन सेकंदं. मी त्यालाही स्टिकरचं सांगून टाकलं. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सोपं जातं असं काही नाही.

"चूक माझीच आहे पप्पा," तो म्हणाला. "दिवाळीलाच कोरा करून द्यायला हवा होता."

त्याच्या चांगुलपणानं मला आणखी थकवा आला. त्यापेक्षा बायको बरी.

ती तोवर खाली बसून सुटकेस उघडत होती. लाडवांचा डबा उघडला तर लाडू नव्हतेच, नुसता चुरा. कुठं कुठं आपटत आला असेल कोण जाणे. तिनं चुऱ्याकडे पाहिलं, मग चमचा मागितला. लेक पलंगावर उशीला टेकून होती. शेजारी सोनेरी डबा होता, त्यातले दोनच लाडू संपले होते. बायकोनं चमचाभर चुरा तिच्या तोंडात घातला. लेकीनं डोळे मिटून चावला.

"आई, याला आपल्या घराचा वास येऊन राहिला."

"तूप महिन्याचं आहे. वास येणारच."

"और दे ना."

बायकोनं आणखी दिला. मग आणखी. लेक लहान असताना आजारपणात खायची तशी खात राहिली, न बोलता, पुढचा घास कधी येतो याकडे लक्ष ठेवून. स्वयंपाकाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बायकोनं त्यांच्याही हातावर चमचाभर ठेवला. त्यांनी खाऊन काहीतरी विचारलं. बायकोनं डिंकाचा उरलेला खडा दाखवला. त्यानंतर ओट्यापाशी तिला कुणी पाहुणी समजलं नाही.

सगळ्यात शेवटी तिनं लुगडं काढलं. वर्तमानपत्र ओलसर झालं होतं, लुगड्याला काही झालं नव्हतं. ते धुऊन, वाळवून, संध्याकाळी तिनं त्याची चार पदरी घडी केली आणि बाळाला उचलून तिच्यावर ठेवलं. बाळ माझ्या सदऱ्यात गुंडाळलेलंच होतं.

"आता सदरा काढायचा न?" मी विचारलं.

तिनं लुगड्याचा पदर बाळावरून घेतला, सदऱ्यासकट.

"राहू द्या," ती म्हणाली. "आत्ताच झोपली आहे."